स्टॉपर भिंतीपासून किती लांब बसवायचा?

प्रश्न : आमच्या सोसायटीत रिव्हर्स घेताना गाड्या भिंतीला ठोकतात, दोनदा प्लास्टर पडलं. आता रबरी व्हील स्टॉपर लावायचे ठरलेत. फिटर म्हणतो भिंतीपासून एक फुटावर ठोकून देतो, एका दिवसाचं काम आहे. अर्धं पार्किंग पेव्हर ब्लॉकचं आहे, अर्धं बेसमेंटवरच्या स्लॅबवर, आणि संध्याकाळी म्हातारी माणसं तिथूनच फिरतात. काय काय बघून घ्यावं?
— एक वाचक भगिनी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी त्या फिटरचं ड्रिल मशीन थांबवा. गाडीचा बंपर चाकाच्या बराच बाहेर असतो, त्यामुळे एक फुटावर स्टॉपर लावला तर चाक टेकायच्या आधीच बंपर भिंतीला लागणार, म्हणजे पैसेही गेले आणि प्लास्टरही. साधारण अडीच ते तीन फूट लागतातच, पण माझ्या आकड्यावरही जाऊ नका, मापून घ्या. सोसायटीतली सगळ्यात लांब डिकीवाली गाडी रिव्हर्समध्ये लावा, भिंत आणि बंपर यात डिकी उघडून सामान काढता येईल एवढी जागा सोडा, मग स्टॉपर नुसता सरकवत चाकाला टेकवा आणि खडूने रेघ मारा. जे लोक गाडी पुढून लावतात त्यांचंही असंच मापून बघा, दोन्हीत जे अंतर जास्त येईल ते धरा. उंची ४ इंचाच्या वर नको, नाहीतर खालच्या बंपरवाल्या गाड्या रोज घासतील.

आता पेव्हरचं. पेव्हर ब्लॉक खाली वाळूवर नुसते बसवलेले असतात, त्यात बोल्ट मारून काही उपयोग नाही. आमच्या कॉलनीत तसंच केलं होतं, पहिल्या पावसाळ्यातच एक स्टॉपर पेव्हरसकट उखडला, बोल्ट वर टोक करून उभा राहिला आणि एका मुलाच्या सायकलचं टायर फाटलं, पायात घुसला असता तर काय झालं असतं या विचाराने मला अजून कसंतरी होतं. तिथले ब्लॉक काढून खाली काँक्रीटचा पट्टा ओतायचा, तो नीट पाणी मारून पक्का होऊ द्यायचा आणि मगच बोल्ट. भोकातली भुकटी फुंकून, ब्रशने साफ करून घ्यायला सांगा, भुकटी राहिली की बोल्ट आतल्या आत घसरतो. ड्रिल करणाऱ्याला चष्मा आणि मास्क द्या, सिमेंटची ती धूळ फुप्फुसात जाते.

स्लॅबचं मात्र उलटं आहे, तिथे भोक पाडूच नका. वरचं वॉटरप्रूफिंग फुटलं की पाणी खाली बेसमेंटमध्ये गळायला लागतं, सळ्या गंजतात, आणि ते गळणं नंतर शोधून बंद करणं फार कटकटीचं. शिवाय स्लॅबमधून वायरचे पाइप गेलेले असू शकतात. तिथे इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पक्क्या गोंदाने, चिकटवा, जागा घासून, धुऊन, पूर्ण वाळवून. पाऊस चालू असेल तर हे काम पुढे ढकला.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण संध्याकाळच्या अंधारात काळा रबर दिसतच नाही आणि आजीआजोबा अडखळून पडले की खुब्याचं हाड जातं. म्हणून पिवळे रिफ्लेक्टर पट्टेवालेच घ्या, सलग ओळ करू नका, ६ फुटांच्या अखंड स्टॉपरपेक्षा प्रत्येक चाकामागे एक असे दोन छोटे तुकडे चालतात, मधून पाणीही वाहून जातं. लिफ्टसमोर आणि चालायच्या वाटेवर एकही नको. फिरायची वाट पार्किंगमधून वेगळी काढता आली तर सगळ्यात उत्तम, मीटिंगमध्ये हा मुद्दा आग्रहाने मांडा.

एक मात्र सगळ्यांना सांगून ठेवा, चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेला तर गाडी ४ इंचावरून उडी मारून जाते, त्यामुळे पार्किंगची एखादी बाजू खोल उताराला लागून असेल तर तिथे भक्कम कठडाच हवा. आणि चिकटवल्यावर इपॉक्सीच्या डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत, निदान २४ तास तरी, दोरी बांधून ठेवा, कोणी कितीही घाई केली तरी गाडी आत घेऊ देऊ नका.