“माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही”: ऑक्युपेशनल थेरपीच्या अर्जापाशी अडलेली विद्यार्थिनी

अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे आजार, दुखापत किंवा अपंगत्व असताना रोजची कामे जमावीत यासाठीच्या उपचारांच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करू पाहणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा गुण, शुल्क आणि विद्यापीठांची निवड यांविषयीचे प्रश्न ते पहिल्याच भेटीत मोकळेपणाने विचारतात. पर्सनल स्टेटमेंटविषयीची, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या निबंधाविषयीची, भीती मात्र उशिरा आणि संकोचानेच बाहेर येते. घरातल्या कोणाला मोठा अपघात झालेला नाही, कोणा भावंडाला ऑटिझम नाही, आपण स्वतः कधी गंभीर आजारातून उठलेलो नाही. मग या क्षेत्राकडे का वळलो हे लिहायचे तरी कसे, असा तो प्रश्न असतो. तो इतक्या जणांकडून ऐकला आहे, की त्याचे उत्तर एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून सविस्तर मांडावे असे वाटले. तिच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ही विद्यार्थिनी अमेरिकेतच वाढलेली, मानसशास्त्राची पदवी घेतलेली आणि पदवीनंतर एका विमा कार्यालयात नोकरी करणारी होती. ऑक्युपेशनल थेरपीचे नाव काढताच नातेवाइकांनी तिला घाबरवून सोडले होते, की ही शाखा बारावीनंतरच निवडायची असते आणि आता तिला पुन्हा पदवीपासून सुरुवात करावी लागेल. भारतातील व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवली तर त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते, कारण तेथे या व्यवसायाची वाट पदवी अभ्यासक्रमातूनच सुरू होते. अमेरिकेत मात्र २००७ पासून थेरपिस्ट होण्यासाठी किमान पदव्युत्तर स्तराचे शिक्षण आवश्यक आहे, आणि त्या अभ्यासक्रमाला येणारे विद्यार्थी मानसशास्त्र, जीवशास्त्र, समाजशास्त्र अशा निरनिराळ्या विषयांचे पदवीधर असतात. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, संख्याशास्त्र, विकासाचे मानसशास्त्र, मनोविकारांचे मानसशास्त्र असे काही विषय आधी झालेले असावे लागतात. त्यांची यादी प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी असते आणि फार वर्षांपूर्वी केलेले विषय काही ठिकाणी ग्राह्य धरले जात नाहीत. (ज्यांनी भारतात या विषयाची पदवी आधीच घेतली आहे त्यांचा प्रश्न निराळा आहे. व्यवसायात प्रथमच येणाऱ्यांसाठीचा आणि आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठीचा, असे दोन वेगळे पदव्युत्तर अभ्यासक्रम असतात. त्यांची नावे इतकी सारखी दिसतात, की घाईत अर्ज भलत्याच अभ्यासक्रमाला जाऊ शकतो.)

या व्यवसायाचा इतिहासही तिच्या बाजूचाच होता. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे ऑक्युपेशनल थेरपीची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ होते खरे. पण जॉर्ज बार्टन आणि थॉमस किडनर हे वास्तुविशारद होते, सुझन कॉक्स जॉन्सन हस्तकला शिकवीत आणि एलिनॉर क्लार्क स्लेगल समाजकार्यातून आलेल्या होत्या. हे ऐकून नातेवाइकांनी घातलेली धास्ती तिच्या मनातून गेली, आणि मग तिने तो मसुदा पुढे केला, जो दाखवायला ती इतके दिवस टाळत होती.

मसुद्याची सुरुवात आजीच्या पडण्याने झालेली होती. आजी न्हाणीघरात पडली, तिचे हाड मोडले, नातीने तिची शुश्रूषा केली आणि त्या काळात नातीला आयुष्याचे ध्येय गवसले, असा त्याचा आशय होता. भाषा सफाईदार होती, पण त्या सबंध परिच्छेदात आजी मात्र कोठेच दिसत नव्हती. पडण्यापूर्वी आजीचा दिवस कसा जाई आणि पडल्यानंतर त्यातले काय काय थांबले, असे मी विचारले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

“मॅडम, खरं सांगू? आजी पडली तेव्हा मी दुसऱ्या शहरात शिकत होते. तिचं सगळं आईनं केलं, मी फोनवर ऐकलं फक्त. पण माझ्या मैत्रिणीच्या भावाला ऑटिझम आहे, तिचं स्टेटमेंट वाचताना डोळ्यांत पाणी येतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, म्हणून थोडं वाढवून लिहिलं.” आणि मग जरा थांबून तिने जे विचारले, ते मला त्या कबुलीपेक्षा महत्त्वाचे वाटले: “ज्यानं काहीच सोसलेलं नाही, त्याला या लोकांचं दुखणं कळणार तरी कसं?”

अशा वेळी खोटे लिहिल्याबद्दल बोल लावण्यात मला अर्थ दिसत नाही. खोट्याच्या मुळाशी लबाडी नव्हती. आपले आयुष्य सुखात गेले, म्हणजे आपण या कामाला अपात्र आहोत, अशी एक विचित्र अपराधी भावना होती. मी तिला एवढेच विचारले, की पक्षाघात झालेला सुतार, हात भाजलेली स्वयंपाकीण, पेन्सिल धरता न येणारे सहा वर्षांचे मूल आणि स्मृतिभ्रंश होऊ लागलेल्या निवृत्त शिक्षिका यांच्याबरोबर एकाच आठवड्यात काम करणाऱ्या थेरपिस्टने यांपैकी किती जणांचे भोग स्वतः भोगलेले असतील? थेरपिस्टला ते रुग्णांना विचारून आणि त्यांच्याकडे पाहूनच समजून घ्यावे लागते, आणि विचारायचे कसे व पाहायचे काय, हे शिकण्यासाठीच तर हा अभ्यासक्रम असतो.

त्यानंतर मी तिला निबंधाची मूळ सूचना मोठ्याने वाचायला सांगितली. अमेरिकेतील बरेच अभ्यासक्रम ओटीकॅस या केंद्रीय ऑनलाइन सेवेमार्फत अर्ज घेतात आणि तिच्यातील पर्सनल स्टेटमेंट सर्व ठिकाणी एकच जाते. हा व्यवसाय का निवडला, ही पदवी तुमच्या नजीकच्या आणि पुढच्या व्यावसायिक उद्दिष्टांशी कशी जोडलेली आहे, आणि तुमची वैयक्तिक, शैक्षणिक व कामाची पार्श्वभूमी त्यासाठी कशी उपयोगी पडेल, असा त्या सूचनेचा आशय होता. दुःखाविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. शिवाय अर्ज पाठवताना हे लेखन आपले स्वतःचे आणि खरे आहे असे प्रमाणित करावे लागते. आणि अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशनच्या आचारसंहितेत जी सहा मूलभूत तत्त्वे आहेत, त्यांत सत्यनिष्ठा हे एक आहे. ज्या व्यवसायात पाऊल टाकायचे, त्याचीच आचारसंहिता पहिल्या परिच्छेदात मोडायची, हे तिलाही पटेना.

आजीचा परिच्छेद गेल्यावर कागद कोरा झाला. तेव्हा मी तिची निरीक्षणाची वही मागवली. काही अभ्यासक्रम अर्जापूर्वी थेरपिस्टबरोबर ठरावीक तास निरीक्षण केल्याचा पुरावा मागतात, काही केवळ शिफारस करतात. तिने ते तास एका पुनर्वसन विभागात पूर्ण केले होते, वहीत तारखा आणि थेरपिस्टच्या सह्या होत्या, आणि तिच्या लेखी तो विषय तेथेच संपला होता. एक दिवस निवडून त्या दिवशी तुझ्या डोळ्यांसमोर काय घडले ते क्रमाने सांग, भावना सांगू नकोस, असे मी म्हणाले.

तिने एका वयस्क गृहस्थांविषयी सांगितले. पक्षाघातानंतर त्यांची डावी बाजू अशक्त झाली होती आणि ते खमीस घालण्याचा सराव करीत होते. आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी उजवा हात आधी बाहीत घातला. मग डावा हात मागे नेऊन दुसऱ्या बाहीपर्यंत पोहोचवणे त्यांना जमेना. थेरपिस्ट शेजारीच उभी होती, पण तिने मदत केली नाही. पुरेसा वेळ गेल्यावर तिने विचारले, “कोणती बाही अवघड जाते आहे?” मग त्यांना पाठ टेकता येईल आणि पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा खुर्चीत बसवले, खमीस मांडीवर पसरले आणि अशक्त हात आधी बाहीत घालायला सांगितले, काढताना क्रम उलटा, म्हणजे चांगला हात आधी मोकळा करायचा. बटणे लावणे एका हाताने फार कष्टाचे होत होते, तेव्हा खालची बटणे आधीच लावून ठेवून खमीस डोक्यावरून घालता येईल का, असा पर्याय तिने सुचवला. त्यांनी तो ठाम नाकारला. रविवारी चर्चला जाताना आपण पूर्ण बटणांचे खमीस नीट घालूनच जातो, असे ते म्हणाले. मग त्या दिवशीचा उरलेला वेळ बटण अडकवण्याच्या छोट्या आकडीचा सराव करण्यात गेला.

हे सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “पण यात विशेष काय आहे? एक खमीस तर घातलं.”

माझ्या मते तिच्या अर्जाचे सारे मर्म याच प्रसंगात होते. एक नेहमीची कृती तिच्या टप्प्यांत मोडून नेमके कोठे अडते आहे ते शोधणे, मग माणसाची पद्धत बदलायची, साधन बदलायचे की बसण्याची जागा बदलायची हे ठरवणे, आणि ते ठरवताना ती कृती त्या माणसाला कशासाठी हवी आहे याला मान देणे, हाच या व्यवसायाचा गाभा आहे. त्या गृहस्थांच्या खांद्याच्या हालचालीवर आणि ताकदीवर फिजिओथेरपिस्टही काम करीत असणार, आणि दोन्हींच्या कामात काही भाग सामाईक असतोच. पण रविवारच्या खमिसापासून मागे येत उपचार आखण्याची ही रीत ऑक्युपेशनल थेरपीची आहे. “मग फिजिओथेरपी का नाही?” हा प्रश्न निवड करणाऱ्यांच्या मनात असतोच, आणि “मला लोकांना मदत करायला आवडते” या वाक्याने त्याचे उत्तर मिळत नाही, कारण ते वाक्य परिचर्येच्या, समाजकार्याच्या किंवा शिक्षकी पेशाच्या अर्जातही तसेच्या तसे चालेल. शिवाय कपडे घालणे ही या क्षेत्राची एक कडा झाली. असोसिएशनच्या २०२० च्या व्यवसाय-आराखड्यात झोप व विश्रांती, शिक्षण, नोकरी, खेळ, फावल्या वेळचे छंद, सामाजिक सहभाग हे सारे थेरपीच्या कक्षेत धरलेले आहे, आणि मानसशास्त्राच्या पदवीधराला सांगण्यासारखे तेथे बरेच असते.

नवा मसुदा त्या दोन बाह्यांपासून सुरू झाला. नोकरीविषयी लिहिण्यासारखे काही नाही असे तिला वाटत होते. विचारपूस केल्यावर कळले, की नव्या सहकाऱ्यांकडून दाव्यांचे अर्ज भरताना वारंवार चुका होत, तेव्हा तिने त्या कामाचे टप्पे पाडून चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर होते ते शोधले होते आणि त्या टप्प्यापुरता तक्ता करून दिला होता. तो परिच्छेद निरीक्षणाच्या परिच्छेदाला आपोआप जोडला गेला. आजीविषयी एखादे खरे वाक्य राहू दे, असे मी सुचवले होते, पण तिने ते मानले नाही. ती आईची गोष्ट आहे, असे तिचे म्हणणे पडले, आणि ते बरोबरच होते. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही राहू नये म्हणून आम्ही वय, गाव आणि विभागाचे नाव काढले. मर्यादा अक्षरांची असते आणि तीत मोकळ्या जागाही मोजल्या जातात, त्यामुळे विशेषणांना कात्री लावताना तिला फारसे वाईट वाटले नाही.

गुणांविषयीची तिची चिंता लहान होती, पण खरी होती. शरीररचनाशास्त्रात एकदा कमी श्रेणी मिळाल्यावर तिने तो विषय पुन्हा करून चांगली श्रेणी मिळवली होती. विद्यापीठाने जुनी श्रेणी सरासरीतून वगळली असली तरी ओटीकॅस सरासरी काढताना दोन्ही प्रयत्न धरते, त्यामुळे तिचा आकडा अपेक्षेपेक्षा खाली दिसणार होता. हे आधी माहीत असलेले बरे, कारण अनेक ठिकाणी किमान ३.० (४ पैकी) सरासरीची अट असते आणि काही अभ्यासक्रम केवळ आवश्यक विषयांची सरासरी वेगळी पाहतात. तिने त्यानुसार यादीतील दोन नावे बदलली आणि निबंधात या श्रेणीचे रडगाणे घातले नाही.

यादी पक्की करताना तिचे वडील बोलायला आले. डॉक्टरेट मिळत असताना मास्टर्स कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही पदव्यांचे विद्यार्थी एनबीसीओटी या प्रमाणन मंडळाची एकच राष्ट्रीय परीक्षा देतात आणि दोघांनाही तोच परवाना मिळतो. दोन्हींत किमान २४ आठवड्यांचे पूर्णवेळ फील्डवर्क, म्हणजे देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम असते, आणि डॉक्टरेटमध्ये त्यावर १४ आठवड्यांचा कॅपस्टोन, म्हणजे शेवटी एखाद्या विषयात खोलवर करायचा अनुभव, येतो. रुग्णांबरोबर काम करणे हेच उद्दिष्ट असेल, तर जादा काळाचे कर्ज डोक्यावर घेण्याचे कारण मला दिसत नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यापेक्षा त्यांनी पदवीच्या नावाऐवजी अभ्यासक्रमाच्या एकॉट या मान्यता देणाऱ्या संस्थेकडील स्थिती तपासावी, असा आग्रह मी धरला, कारण अमेरिकेत शिकणाऱ्याला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय त्या परीक्षेला बसता येत नाही आणि काही नवे अभ्यासक्रम पूर्ण मान्यता मिळण्याआधीच्या टप्प्यांवर असतात. वडिलांनी त्याच संध्याकाळी यादीतील प्रत्येक नाव पडताळून पाहिले.

शिफारसपत्रांसाठी ती आपल्याला सर्वाधिक गुण देणाऱ्या प्राध्यापकांकडे निघाली होती. मी तिला त्याऐवजी निरीक्षणाच्या काळातील थेरपिस्टला विनंती करायला सांगितले, कारण त्या प्राध्यापकांना गुणपत्रकाबाहेर तिच्याविषयी सांगण्यासारखे फार काही नव्हते. बरेच अभ्यासक्रम अर्ज येतील तसे तपासत जातात आणि गुणपत्रकांच्या पडताळणीला काही आठवडे लागतात, म्हणून अंतिम तारखेची वाट न पाहता तिने अर्ज बराच आधी पाठवला.

तिला एका ठिकाणाहून नकार आला, एका ठिकाणी तिचे नाव प्रतीक्षा यादीत राहिले आणि दोन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले. त्यांपैकी एका मुलाखतीत, आजवरचे तुझे सर्वांत कठीण आव्हान कोणते, असे विचारल्यावर तिने कोणतीही शोकांतिका रचली नाही. पुन्हा केलेल्या शरीररचनाशास्त्राविषयी आणि दुसऱ्या वेळी अभ्यासाची पद्धत कशी बदलली याविषयी ती बोलली. तेथील मास्टर्स अभ्यासक्रमात तिला प्रवेश मिळाला.