मी सांगितलं होतं, पण कोणी ऐकलंच नाही : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नोकरीतल्या बोलण्या-लिहिण्याबद्दल इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. बहुतेकांनी 'कम्युनिकेशन स्किल सुधारायचंय, कुठला कोर्स करू' असंच विचारलंय. पण पत्रं नीट वाचली तर कोणाला बोलता येत नाही अशातला भाग नाही, सगळे व्यवस्थित बोलतात, अडतं ते एवढ्यावरच की समोरच्याकडून आपल्याला नेमका कुठला निर्णय हवाय हे तोंड उघडायच्या आधी ठरलेलं नसतं, आणि ठरलेलं असलं तरी ते सगळ्यात शेवटी, दबकत दबकत येतं. चार पत्रं घेतेय. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण तशी पत्रं सगळ्यात जास्त आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी चाकणला ऑटो कंपोनंटच्या कंपनीत क्वालिटीला आहे. मध्यंतरी एका बोअरिंग मशीनवर बोअरची ओव्हॅलिटी, म्हणजे भोकाच्या गोलाईतला फरक, वाढत चालली होती. ड्रॉइंगला मर्यादा १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सोमवारी ८ आली, बुधवारी ११, शुक्रवारी १३. मेंटेनन्सवाले म्हणाले स्पिंडलचं बेअरिंग गेलंय. मी प्लांट हेड साहेबांना मेल टाकला, 'सर, सदर मशीनवर ओव्हॅलिटीमध्ये थोडे व्हेरिएशन दिसत आहे, तरी कृपया एकदा बघून घ्यावे.' खाली एक्सेल जोडलं. साहेबांचा रिप्लाय आला 'नोटेड'. पुढच्या आठवड्यात कस्टमरकडून लॉट रिजेक्ट होऊन आला आणि मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर मलाच विचारलं की तू काय झोपला होतास का. मी तर लेखी सांगितलं होतं! यात माझं काय चुकलं? – एक वाचक, चाकण

उत्तर : तुमचा संताप अगदी रास्त आहे, माप घेणं, ट्रेंड पकडणं, मेंटेनन्सला गाठणं हे अवघड काम तुम्ही चोख केलंत. आता तोच मेल साहेबांच्या खुर्चीत बसून वाचा. 'थोडे व्हेरिएशन', म्हणजे काळजीचं की नेहमीचं? 'एकदा बघून घ्यावे', कोणी, कधी, आणि बघून काय करायचं? एक्सेल उघडलं तरी १३ हा आकडा १५ च्या आतच आहे, सगळ्या ओळी ओके. धोका त्या एका आकड्यात नव्हताच, तो आठ-अकरा-तेरा या चढण्यात होता, आणि ते चढणं मेलमध्ये कुठेच आलं नाही. डिस्पॅचच्या धावपळीत असलेल्या माणसाने हा मेल वाचून 'नोटेड' लिहिलं यात मला नवल वाटत नाही.

सौम्य शब्द किती महागात पडू शकतात याचं एक उदाहरण मी ट्रेनिंगमध्ये कायम सांगते. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं एव्हियांका कंपनीचं ५२ नंबरचं विमान, बोइंग ७०७, खराब हवामानामुळे उतरायच्या आधी ठिकठिकाणी मिळून सव्वा तासावर हवेतच थांबवून ठेवलं गेलं. इंधन संपत आलं होतं. कॅप्टन को-पायलटला सांगत होता की त्यांना कळव आपण इमर्जन्सीत आहोत, आणि को-पायलटने कंट्रोलरला सांगितलं काय, तर इंधन संपत चाललंय, तेही दुसऱ्याच कुठल्या तरी वाक्याच्या शेपटाला जोडून. कंट्रोलरच्या दृष्टीने त्या रात्री गर्दी करून थांबलेल्या प्रत्येकच विमानाचं इंधन कमी होत होतं. 'इमर्जन्सी' हा शब्द कानावर पडला असता तर नियमाने बाकी सगळं बाजूला सारून त्यांना धावपट्टी मोकळी करून द्यावी लागली असती, तो शब्द शेवटपर्यंत आला नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली. को-पायलट गप्प बसला नव्हता हो, त्याने सांगितलं होतं. म्हणूनच तुमचं पत्र वाचताना मला ते आठवलं.

तर तुमचा मेल असा हवा होता. विषयाच्या ओळीतच : 'आज ५ च्या आत निर्णय हवा – बोअरिंग मशीन थर्ड शिफ्टला बंद ठेवणे'. आणि खाली एवढंच :

'सर, हे मशीन आज थर्ड शिफ्टला बंद ठेवून स्पिंडलचं बेअरिंग बदलायला तुमची परवानगी हवी आहे. ओव्हॅलिटी सोमवारी ८, बुधवारी ११, आज १३ मायक्रॉन, मर्यादा १५. याच वेगाने गेली तर सोमवारपर्यंत पार्ट रिजेक्शनमध्ये जातील. मेंटेनन्स एका शिफ्टमध्ये काम करून देतो म्हणतोय. उद्याच्या डिस्पॅचपुरता माल तयार आहे, स्टोअरला विचारून खात्री केली आहे. बंद ठेवणं शक्य नसेल तर सोमवारपासून या मशीनचा प्रत्येक पार्ट मोजावा लागेल, त्यासाठी शिफ्टला दोन माणसं लागतील.'

यातली डिस्पॅचची ओळ मुद्दाम बघा. साहेबांच्या डोक्यात ओव्हॅलिटी नसते, गाडी वेळेवर सुटणार की नाही हे असतं, मशीन बंद म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न तोच येणार, त्याचं उत्तर तुम्ही आधीच शोधून दिलंत तर परवानगी देणं त्यांना सोपं जातं. स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन म्हणून जे भारी नाव ऐकता त्यातलं निम्म्याहून जास्त हेच असतं, समोरच्याची अडचण आपण घरून सोडवून न्यायची. आणि शेवटची ओळ त्यांना दोन पर्याय देते, 'काहीच न करणे' हा पर्याय त्यात ठेवलेलाच नाही.

एवढं करूनही 'नोटेड' आलं तर मात्र मेलवर थांबू नका, उठून केबिनमध्ये जा. १९७८ मध्ये पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचं एक विमान असंच इंधन संपून पडलं, कॅप्टन लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या, भानगडीत गुंतला होता आणि बाकीचे इंधनाबद्दल आडून आडून सुचवत राहिले. त्यानंतर १९७९ ला नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि वरिष्ठाला ठामपणे कसं सांगायचं हे वैमानिकांना रीतसर शिकवायला सुरुवात झाली. त्यातली एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. आधी हाक मारून लक्ष वेधायचं, मग स्वतःची काळजी सांगायची, मग नेमकी अडचण, मग उपाय, आणि शेवटी होकार विचारायचा. म्हणजे : 'सर, दोन मिनिटं. मला या मशीनची खरंच काळजी वाटतेय. सोमवारपासून ओव्हॅलिटी ८ वरून १३ वर गेलीय. आज रात्री बंद ठेवून बेअरिंग बदलू. चालेल ना सर?' हा शेवटचा प्रश्न गाळू नका, त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. यात उद्धटपणा काही नाही, 'सर' आहे, आवाज शांत आहे, फक्त मोघमपणा गेलाय.

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत एका खाजगी हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे. रात्री पेशंटला काही झालं की डॉक्टरांना फोन करायचा तर छातीत धडधडतं. मी सगळं सांगायला लागते आणि ते मध्येच 'सिस्टर मुद्द्याचं बोला' म्हणून खेकसतात. मग जे सांगायचं तेच राहून जातं. – सांगलीहून एक सिस्टर

उत्तर : सिस्टर, खेकसणं चूकच आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण झोपेतून उठलेल्या माणसाला गोष्ट सुरुवातीपासून सांगितली तर त्याला धागा सापडत नाही हेही खरं. यासाठी जगभरच्या हॉस्पिटलमध्ये एसबार (SBAR) नावाची पद्धत वापरतात, मुळात ती अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधली, तिथून कैसर परमनंटे या हॉस्पिटल समूहाने ती वॉर्डात आणली. क्रम असा : आत्ता काय झालंय, पेशंटची मागची माहिती, मला काय वाटतं, मला काय हवंय.

फोन करायच्या आधी केसपेपर हातात घ्या, व्हायटल्स स्वतः परत मोजा आणि मग :

'सर, फिमेल सर्जिकलमधून बोलतेय, बेड १२. बीपी ९० बाय ६० झालंय, पल्स १२४, पेशंट घामाघूम आहे. काल दुपारी पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळी बीपी १२० बाय ८० होतं, गेल्या चार तासांत युरिन फक्त ६० एमएल. मला आतून ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही लगेच येऊन बघावं सर. तोपर्यंत सलाईन वाढवू का, सीबीसी आणि क्रॉसमॅचला ब्लड पाठवू का?'

सावकाश बोललात तरी अर्ध्या मिनिटात होतं. यातलं 'मला शंका येतेय' हे वाक्य बऱ्याच सिस्टर गाळतात, निदान करणं आपलं काम नाही म्हणून. पण तुम्ही निदान करत नाही आहात, पेशंटजवळ उभं राहून जे दिसतंय त्याचा अर्थ सांगताय, आणि त्या क्षणी पेशंटजवळ उभ्या तुम्हीच आहात! डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली की ती औषध आणि डोससकट जशीच्या तशी म्हणून दाखवा, 'सर, बरोबर ना?' विचारा, आणि वेळ टाकून लगेच लिहून ठेवा. येतो म्हणाले तर किती वाजेपर्यंत तेही विचारा. आले नाहीत, फोन उचलला नाही, तर पुढे कोणाला कळवायचं हे मेट्रन मॅडमना आधीच विचारून वॉर्डात लिहून लावलेलं असू द्या, ते रात्री दोनला ठरवायची वेळ येऊ नये.

प्रश्न : हाय ताई, मी २५ वर्षांचा आहे, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, शाळा लातूरकडे मराठी मीडियमला झालीय. क्लायंट कॉलवर माझ्याकडे पॉइंट असतो पण मनात इंग्लिश वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मॅनेजर म्हणतात व्हिजिबिलिटी वाढव. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

उत्तर : वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते. क्लास लावायचा तर खुशाल लाव, इंग्रजी सुधारलं तर फायदाच आहे, पण तुझी अडचण त्याने सुटेल असं मला वाटत नाही, कारण अस्खलित बोलणारेही कॉलवर ऐन वेळी सुचेल ते बोलतात आणि त्यातलं फार थोडं पुढे टिकतं. मोठे निर्णय कॉलवर क्वचितच होतात रे, कॉलच्या आधीच झालेले असतात, कॉलवर फक्त शिक्कामोर्तब होतं. टोयोटासारख्या जपानी कंपन्यांमध्ये तर मिटिंगच्या आधी संबंधित प्रत्येकाला वेगवेगळं भेटून बोलून घ्यायची पद्धतच आहे, नेमावाशी म्हणतात तिला. तूही तेच कर. कॉलच्या आदल्या दिवशी टीम लीडशी आणि त्या मॉड्यूलचं ज्याला कळतं त्याच्याशी पाच मिनिटं बोल, मराठीत, हिंदीत, कशातही. त्यांच्या शंका तिथेच निघतील आणि कॉलवर विषय आला की लीडच म्हणेल याने बघितलंय, हा सांगेल. तेव्हा तुझं पहिलं वाक्य कागदावर लिहिलेलं हवं, एकच वाक्य, पुढचं आपोआप येतं.

दुसरं, लिहायला लाग. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोसने २००४ ला वरच्या फळीच्या मिटिंगमधून पॉवरपॉइंटच काढून टाकलं, तिथे आधी नीट वाक्यांत लिहिलेला मेमो सगळे शांतपणे वाचतात आणि मग चर्चा करतात. अशा रचनेत मोठ्या आवाजाचा माणूस आपोआप पुढे जात नाही, ज्याने नीट विचार करून लिहिलंय तो जातो. तुझ्या टीममध्ये तसं नसेलही, पण कॉलच्या आधी चॅटवर चार ओळी टाकायला तुला कोणी अडवलेलं नाही.

आणि व्हिजिबिलिटीचं म्हणशील तर ती सगळ्यात जास्त मिळते वाईट बातमी वेळेवर देण्यातून. डेडलाइन हुकणार हे ज्या दिवशी तुला कळतं त्या दिवशीच सांग, आदल्या रात्रीपर्यंत 'मॅनेज करू' म्हणत बसू नकोस, 'नाइंटी पर्सेंट झालंय' तर अजिबात म्हणू नकोस, त्या उरलेल्या दहा टक्क्यांत किती दिवस आहेत हे ऐकणाऱ्याला कळत नाही. असं सांग : 'टेस्टिंगला तीन दिवस कमी पडतायत. एक तर रिलीज गुरुवारऐवजी पुढच्या मंगळवारी करू, नाहीतर रिपोर्टचं मॉड्यूल मागे ठेवून बाकीचं गुरुवारीच देऊ. माझ्या मते दुसरं बरं, कारण रिपोर्ट क्लायंटला महिनाअखेरीलाच लागतात.' हे मोडक्या इंग्रजीत सांगितलंस तरी मॅनेजर तुला पुढच्या वेळी आधी विचारतील बघ.

प्रश्न : आमचे साहेब सगळं तोंडी सांगतात, काम केलं की 'मी असं म्हटलोच नव्हतो'. सरकारी ऑफिस आहे, वाद घालता येत नाही. काय करावं? – एक कनिष्ठ सहायक

उत्तर : वाद घालू नका, त्याच दिवशी लिहा. फाइलवर विषय असेल तर टिप्पणीत घ्या, 'आज रोजी झालेल्या चर्चेनुसार अमुक कार्यवाही प्रस्तावित आहे, मान्यतेस्तव सादर', आणि सही झाल्याशिवाय पुढचं पाऊल उचलू नका. शेवटी 'अवलोकनार्थ' लिहिलंत तर साहेब अवलोकन करून फाइल परत पाठवतील, तुमच्या हातात काही पडणार नाही, मान्यता हवी असेल तर मान्यताच मागा. फाइल नसेल तर मेलवर दोन ओळी : 'सर, सकाळी सांगितल्याप्रमाणे यादीतली पहिली २० प्रकरणं आधी घेत आहे, बदल असल्यास कळवावे.' भाषा साधी ठेवा, त्यात 'आपणच सांगितले होते' असला सूर नको. हा मेल ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका आणि साहेबांच्या वरच्यांना सीसी पण करू नका, तसं केलंत की मेलचा अर्थ बदलतो आणि साहेब कायमचे सावध होतात. फक्त त्यांना, एकट्यांना, आणि काम सुरू करायच्या आधी.