भेगेच्या आत काय आहे, ते आधी ठरव

पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिकमधल्या (दाबलं की वीज निर्माण करणाऱ्या आणि वीज लावली की आकार बदलणाऱ्या पदार्थातल्या) भेगेचं तुझं संगणकीय मॉडेल प्रयोगांशी जुळत नाही, हे तुझं पत्र वाचून थोडा चिडलोच. मेश (गणितासाठी पदार्थावर टाकलेली जाळी) बारीक करून झाली, समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर बदलून झाला, आता एक्सएफईएम (भेग धारदार रेषा म्हणून मांडणारी पद्धत) सोडून फेज-फील्डकडे (भेग पसरट पट्टा म्हणून मांडणारी पद्धत) वळायचा विचार आहे. एवढ्या लांबलचक पत्रात भेगेच्या आत काय आहे याबद्दल एक ओळ नाही!

तुझा गोंधळ खरा आहे, हे मान्य. विद्युतक्षेत्र कुठल्याही दिशेनं लावलं तरी तुझा एनर्जी रिलीज रेट, म्हणजे भेग वाढताना सुटणाऱ्या ऊर्जेचं माप, कमीच होतो. पार्क आणि सन यांच्या १९९५च्या प्रयोगांत मात्र पीझेडटी-४ या सिरॅमिकमध्ये पोलिंगच्या (पदार्थाला आधीच दिलेल्या ध्रुवीकरणाच्या) दिशेचं क्षेत्र भेगेला वाढायला हात देतं आणि उलट दिशेचं तिला अडवतं. पण तू भेग अभेद्य धरली आहेस, म्हणजे तिच्यातून विद्युत-फ्लक्सची एक रेषाही पार जात नाही. असं धरलं की हेच उत्तर येणार. मेश कितीही बारीक कर. पूर्ण भेद्य धरलीस, तर दूरवरच्या क्षेत्राचा भेगेच्या टोकावर परिणामच उरत नाही. ही दोन्ही टोकाची गृहीतकं गणिताला सोयीची आहेत, एवढंच.

खऱ्या भेगेत हवा असते. तिची सापेक्ष परमिटिव्हिटी (विद्युत-फ्लक्स पार जाऊ देण्याची क्षमता) एकच्या आसपास, तर पीझेडटीची हजाराच्या घरात. म्हणून फट किती उघडली आहे यावर सगळं अवलंबून. हाओ आणि शेन यांनी १९९४ मध्ये फटीला कपॅसिटर मानलं. पण कपॅसिटरच्या पाट्या एकमेकींना ओढतात, तशा भेगेच्या कडाही ओढल्या जातात. तो ताण लँडिस यांनी २००४ मध्ये हिशेबात धरला. तुझ्या कोडमध्ये तो आहे का? नसेल, तर ऊर्जेचा ताळा जमणार नाही.

फेज-फील्डमध्ये गेल्यानं सुटका नाही. कडकपणाबरोबर परमिटिव्हिटीही शून्याकडे नेलीस की भेग अभेद्य झाली. तशीच ठेवलीस की जवळपास भेद्य. निर्णय तू घेतलास, फक्त तो डिग्रेडेशन फंक्शनमध्ये, म्हणजे भेगेत पदार्थाचे गुण किती घटवायचे ते सांगणाऱ्या सूत्रात, लपला. भेगेच्या आत काय आहे, ते आधी ठरव. मेशचा तुकडा लांबीमापाच्या (भेगेचा पट्टा किती पसरट ते ठरवणाऱ्या आकड्याच्या) निम्म्याहून मोठा नको, हे तुला माहीतच आहे.

एककं मात्र बदलून घे. एसआयमध्ये लवचीकता आणि परमिटिव्हिटीचे आकडे सुमारे एकोणीस दशमान घरं दूर पडतात. आणि मॅट्रिक्स इनडेफिनिट आहे (तिच्या आयगेनव्हॅल्यू धन आणि ऋण दोन्ही आहेत), फक्त धन चालणाऱ्या चोलेस्की पद्धतीला दोष देऊ नकोस.

मला हट्टी म्हणायचे. भेगेतल्या हवेवर इतकी पानं कशाला, असं एका रिव्ह्यूअरनं विचारलं होतं. मी एकही पान कमी केलं नाही. पेपर रखडला, बरोबरचे पुढे गेले. तरी आज तोच प्रश्न आला तर तितकीच पानं लिहीन. कारण सीमेवरची अट चुकली की आतलं सगळं गणित नुसतं देखणं राहतं. खंत आहे ती वेगळीच: प्रयोग करणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसायला फार उशीर केला. तू करू नकोस. सगळे प्रयोग एका सुरात बोलत नाहीत, हेही तिथेच कळतं. भेगेच्या टोकाजवळ डोमेन (एकाच दिशेनं ध्रुवीकरण असलेले सूक्ष्म भाग) फिरतात, आणि तुझं रेषीय मॉडेल त्यांच्याबद्दल मुकं आहे. म्हणजे हवा आणि कडांवरचा ताण नीट धरूनही आकडे पूर्ण जुळतीलच असं नाही. त्यानं घाबरू नकोस, पण मेशकडेही पळू नकोस.

पुढच्या वेळी रंगीत ताणचित्रं नकोत. भेगेच्या दोन्ही कडांवरचा विद्युत पोटेन्शियल आणि फटीची रुंदी, एवढे दोन आलेख पाठव.