ऑगस्ट उजाडला, आता गच्चीवर गांजाचं रोप लावलं तर चालेल का?

नाही, आणि जूनमध्ये लावलं असतं तरी चाललं नसतं: मुंबईत कुंडीतलं एक रोपसुद्धा गुन्हाच आहे. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ८ नुसार लागवडीवरच बंदी आहे, आणि कलम २० (अ) खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 'भांग तर चालते ना' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. भांग ज्यापासून बनते ती, फुलांचे शेंडे नसलेली नुसती पानं गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, हे खरं. पण रोपाची व्याख्या वेगळी आहे, त्यात कॅनाबिस म्हणजे गांजाच्या वंशाचं कुठलंही झाड येतं. अपवाद फक्त सरकारी परवानगीचा: उदाहरणार्थ, कलम १४ खाली धागा, बी किंवा बागायतीसाठी सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडात औद्योगिक हेंपला (धागा-बियांसाठी वाढवलेल्या, कमी नशेच्या याच रोपाला) असे परवाने मिळतात, पण ते शेतीसाठी, सोसायटीच्या गच्चीसाठी नव्हे.

उशिरा सुरुवात करून काही फुलवायचंच असेल, तर झेंडू लावा. रोपवाटिकेतून तयार रोपं आणलीत तर दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलं हाती येतील. फक्त कुंडीत पावसाचं पाणी साचू देऊ नका.