सुट्या भागांची किट गिटार जोडताना नेकचे (दांड्याचे) स्क्रू भोकात नुसतेच फिरतात. दातकोरणी आणि फेव्हिकॉल पुरेल का?

चालून जाईल. मी मात्र तसं करणार नाही.

माझे आटे गेले होते ते गळ्यातला पट्टा अडकवायच्या बटणाचे, बुडाकडच्या. बासवुडची बॉडी, नखाने वळ उठेल इतकं मऊ लाकूड, आणि मी स्क्रू पिळला होता ड्रिल मशीनने. बँडमधला मित्र म्हणाला, आगपेटीच्या दोन काड्या कोंब, वर सुपरग्लू सोड. तसंच केलं. दोन महिन्यांनी सोसायटीच्या गणपतीत, दुसऱ्याच गाण्याला, बटण उपटलं आणि गिटार फरशीवर आपटली. एक ट्यूनर (तार ताणायची कळ) वाकला, बॉडीचा कोपरा फुटला.

माझे मामा सुतार आहेत. त्यांच्याकडे नेतो म्हटल्यावर तोच मित्र म्हणाला, "अरे, गिटार आहे ती, स्टूल नाही." ते मला अजून लागतं.

मामांनी भोक उजेडात धरलं आणि म्हणाले, इथे स्क्रू रेषांच्या दिशेनेच आत शिरतोय, धरणार कशाला? भोक 8 मिमीचं केलं. जुन्या बाभळीच्या तुकड्यातून रेषांना आडवी खुंटी काढली, पटाशीने गोल केली, फेव्हिकॉल लावून ठोकली. दुसऱ्या दिवशी 3 मिमीचं भोक पाडलं, स्क्रू मेणबत्तीवर घासला आणि हाताने बसवला. चार वर्षं झाली, बटण हललेलं नाही. बाजारातल्या गोल काठीचे रेषे उभे असतात, म्हणून ती त्यांनी घेतली नाही. हे त्यांना कुठल्या गिटारवाल्याने शिकवलं नव्हतं. फेंडर कंपनीने 1950 साली एस्क्वायर ही इलेक्ट्रिक गिटार आणली तीही नेक चार स्क्रूंनी आवळूनच. लाकूड आणि स्क्रू यांचं काम सुताराला कळत नाही, तर कुणाला कळतं?

तुमच्या नेकलाही हेच करा. खुंटी कडक लाकडाची, आडव्या रेषांची. पण खोली जपा: नेकची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, फ्रेटबोर्डासकट (तारांखालच्या पट्टीसकट) जेमतेम 25 मिमी जाड असते, त्यामुळे 15 मिमीच्या पुढे जाऊ नका. ड्रिलच्या पात्याला तेवढ्यावर चिकटपट्टी गुंडाळा. लांब स्क्रू घालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो फ्रेटबोर्डातून वर येईल. स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवा, टक् करून जुन्या आट्यात बसला की मगच आवळा.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: स्क्रू सैल नक्की कुठे आहे ते बघा. बॉडीच्या भोकातून तो सैलच जायला हवा, पकड फक्त नेकमध्ये. बॉडीतली भोकं बुजवलीत तर नेक कधीच घट्ट बसणार नाही. नेकमध्येही किंचितच ढिला असेल, तर तुमची दातकोरणी पुरेल, तेवढं मामाही मान्य करतात. पट्ट्याच्या बटणाला मात्र नाही. तिथे गिटारीचं वजन लोंबकळतं, आणि मित्राला मी हेच चार वर्षं सांगतोय.