मृत्यूच्या नोंदीवरून तोंडाच्या कॅन्सरचे आकडे किती खरे धरायचे?

तुम्ही विचारलंय की मृत्यू नोंदणीवरून तोंडाच्या कॅन्सरने किती लोक जातात हे कितपत खरं कळतं आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तो आकडा वापरला तर चालेल का. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. नागपुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड सेक्शनला अकरा वर्षं झाली, फायली लावणं, कोड टाकणं, मृत्यूचे फॉर्म महापालिकेच्या झोन ऑफिसला पाठवणं हेच काम. त्यावरून माझं मत असं की आकडा वापरा, पण "निदान इतके तरी गेले" असा वाचा. "इतकेच गेले" असा नका वाचू.

पहिला घोळ दाखल्याचा. महापालिका घरच्यांना जो मृत्यूचा दाखला देते त्यावर मरणाचं कारण नसतंच, कायद्यानेच ते छापत नाहीत. कारण असतं फॉर्म ४ वर, जो हॉस्पिटलचा डॉक्टर भरतो. घरी माणूस गेला आणि कोणी डॉक्टर पाहत असेल तर फॉर्म ४-अ. आणि देशात जेवढे मृत्यू नोंदले जातात त्यातल्या सगळ्यांना हा फॉर्म लागतो असं समजू नका, २०२० मध्ये डॉक्टरने कारण लिहिलेले मृत्यू नोंदलेल्यांपैकी २२.५ टक्केच होते. म्हणजे पाचातला एक, फार तर थोडा जास्त! बाकीच्यांचं कारण घरच्यांनी सांगितलं ते, नाहीतर काहीच नाही.

आता तो फॉर्म कसा भरला जातो ते पाहा, कारण खरी गंमत तिथंच आहे. पहिल्या भागात तीन ओळी असतात, अ, ब, क. अ म्हणजे शेवटी कशाने गेला, ब म्हणजे ते कशामुळे झालं, आणि क म्हणजे सगळ्याचं मूळ. आकडेवारीत मोजलं जातं ते मूळ. फॉर्मवर स्वच्छ छापलंय की हार्ट फेल्युअर वगैरे मरायची पद्धत लिहू नका, आजार लिहा. तरी रात्री अडीचला वॉर्डमध्ये पेशंट गेला की ड्युटीवरचा पोरगा, जो छत्तीस तासांपासून उभा आहे, तो अ वर लिहितो "कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट", ब वर "सेप्टिसेमिया" (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग), आणि क रिकामी. सही, शिक्का, झालं. फाईल उघडली तर पहिल्याच पानावर बायॉप्सी, डाव्या गालाचा कॅन्सर, जबडा काढलेला, मानेच्या गाठी काढलेल्या, रेडिएशन झालेलं! अहो, हृदय तर प्रत्येकच मेलेल्या माणसाचं बंद पडते, त्यात काय नवीन लिहिलं? मी असे फॉर्म परत वर पाठवतो, डॉक्टर चिडतात, पण दुरुस्त करून देतात. जिथं परत पाठवणारा कोणी नाही तिथून तो माणूस कॅन्सरच्या रकान्यात जातच नाही.

मग घरचे. एक बाई, नवरा गेल्यावर दोन तासांनी, डोळे सुजलेले, काउंटरला येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, कॅन्सर नका नं लिहू, पोरीचं लगन जुळून राहिलं." मी काय सांगणार, ते माझ्या हातात नाही म्हटलं. दाखल्यावर कारण येत नाही हे सांगितल्यावर थोड्या शांत झाल्या. २०२३ च्या कायद्यातल्या बदलानंतर कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाईकालाही द्यायची असते, त्यामुळे हा प्रश्न आता परत येऊन राहिला.

आणि सगळ्यात मोठी गळती म्हणजे शेवटच्या स्टेजला "आता घरी न्या" म्हणून सुट्टी होते ती. आमच्याकडे गडचिरोली, भंडारा, पार बालाघाट छिंदवाड्याहून लोक येतात, पैसे संपले की गाडी करून परत जातात, आणि पंधरा दिवसांनी गावात मरतात. आमच्या फाईलवर शेवटचा शब्द "डिस्चार्ज". गावात नोंद ग्रामपंचायतीत, कारण घरचे सांगतील ते.

माझ्या मोठेबाबांचंच (वडिलांच्या थोरल्या भावाचं) सांगतो. दिवसाला सात-आठ खर्रे (सुपारी, तंबाखू, चुना घोटून करतात तो), शर्टाच्या खिशात पन्नी कायमची, पानठेल्यावाला त्यांना पाहूनच घोटायला घ्यायचा. आधी तोंड उघडेना, मग गालात गाठ, मग गाल फाटून बाहेर आलं. गेले घरीच. मृत्यूच्या फॉर्म २ वर, हे बहुतेकांना माहीत नसतं, तंबाखू खायचे का आणि किती वर्षं, सुपारी किंवा पानमसाला किती वर्षं, विडी सिगारेट, दारू, असं सगळं विचारलेलं असतं. चुलतभावाने फॉर्म भरला. कारण: "आजारपण". तंबाखू: "नाही". सुपारी: एक आडवी रेघ. मी बाजूलाच बसलो होतो, रोज हेच काम करणारा, आणि त्या वेळी तोंडातून शब्द निघाला नाही.

उलट्या बाजूनेही चूक होते, नाही असं नाही. सहा वर्षांपूर्वी जिभेचं ऑपरेशन होऊन बरा झालेला माणूस हार्ट अटॅकने जातो आणि घरचे सांगतात कॅन्सरच होता. तोंडाचा कॅन्सर फुफ्फुसात गेला की कोणी फुफ्फुसाचाच लिहून टाकतो. पण लपलेल्यांच्या मानाने हे कमी, असं माझं पाहणं.

फॉर्मवरच्या आजाराला आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय यादीतला जो कोड लावतात त्याचं थोडक्यात सांगतो, कारण प्रोजेक्टमध्ये इथंच लोक फसतात. सी०० ते सी०६ म्हणजे ओठ, जीभ, हिरडी, टाळू, गाल असं तोंड. सी१४ पर्यंत गेलात तर लाळेच्या ग्रंथी आणि घसाही आला. खर्रा जिथं दाबून धरतात त्या गाल-हिरडीच्या खाचेतल्या एकाच जखमेला एक जण गाल लिहितो, एक हिरडी, एक नुसतं तोंड. बेरजेला फरक पडत नाही. पण डॉक्टरने फक्त "मानेत पसरलेला कॅन्सर" लिहिलं तर तो सी७७ ला जातो आणि तोंडाच्या बेरजेतून गायब. मूळ जागा लिहिलीच नसेल तर सी८०, तिथं तर कशाचाही हिशोब नाही.

म्हणूनच मोठे आकडे नुसत्या फॉर्मवरून काढत नाहीत. ग्लोबोकॅनचा (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचा देशोदेशीचा हिशोब) २०२० चा भारतातल्या तोंडाच्या कॅन्सरचा अंदाज १,३५,९२९ नवीन पेशंट आणि ७५,२९० मृत्यू असा होता, पण तो अंदाज आहे, एकेक फॉर्म मोजून काढलेला नाही. २०१२ ला लॅन्सेटमध्ये आलेल्या मिलियन डेथ स्टडीत वेगळाच मार्ग, घरोघरी जाऊन विचारायचं की माणूस कसा गेला, आणि ते दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता वाचून कारण ठरवायचं. त्यात २०१० साठी ३० ते ६९ वयाच्या पुरुषांमध्ये तोंडाचे सुमारे ४५,८०० मृत्यू निघाले, ओठ आणि घसा धरून. हे दोन आकडे शेजारी ठेवून "दहा वर्षांत इतकी वाढ" असं लिहू नका, एकात घसा आहे, एकात नाही, एकात फक्त ठरावीक वयाचे पुरुष, पद्धतही निराळी.

थोड्या चुकांनी काय बिघडते असं वाटत असेल तर केरळचा प्रयोग पाहा. तिथं तोंड तपासण्याच्या मोठ्या चाचणीत तपासलेल्या गटात ७७ मृत्यू आणि न तपासलेल्यात ८७, आणि त्यातले तंबाखू-दारूवाले वेगळे काढले तर त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ३४ टक्के कमी झालं असा निष्कर्ष २००५ मध्ये आला. ७७ आणि ८७! एकाच गटातले पाच-सहा फॉर्म चुकीच्या रकान्यात पडले असते तरी गणित हललं असतं.

नागपूरचा विषय असेल तर शहराच्या कॅन्सर रजिस्ट्रीचा (कॅन्सर पेशंटची एकत्र नोंद ठेवणाऱ्या केंद्राचा) आकडा घ्या, ती १९८० पासून आहे. रजिस्ट्रीवाले हॉस्पिटलच्या फायली आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकांना लावून पाहतात आणि शहरात राहणाऱ्यांनाच धरतात, बालाघाटचा माणूस इथं गेला म्हणून नागपूरच्या नावावर चढत नाही. त्यांच्या तक्त्यात दोन गोष्टी बघाच, फक्त मृत्यूच्या नोंदीवरून सापडलेले किती, आणि मृत्यू भागिले नवीन पेशंट किती येते. हे दुसरं फारच कमी आलं तर लोक बरे होऊन राहिले असं लगेच समजू नका, आधी क ची ओळ किती जणांची रिकामी होती ते विचारा.