बर्फ वितळताना पाऊलवाटेवरचा चिखल

प्रश्न : आमचा गट पाटणादेवीच्या जंगलात नेहमी चालायला जातो. एप्रिलच्या आरंभी आम्ही उत्तराखंडातील दयारा बुग्यालला (बुग्याल म्हणजे हिमालयातले उंचावरचे गवताळ कुरण) जाणार आहोत. त्या दिवसांत वाटेवर चिखल असतो, तेव्हा कडेच्या गवतावरून चालावे, असे काहींचे म्हणणे आहे. त्याने काय बिघडते?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : बिघडते ते गवताचेच, आणि ते भरून यायला कित्येक वर्षे लागतात. वसंतात तिथली वरची काही बोटे माती उन्हाने सुटते, पण तिच्याखालचा थर गोठलेलाच असल्याने पाणी मुरत नाही, वरच्या मातीतच साचून राहते आणि बूट घोट्यापर्यंत रुततो. वापसा येण्याआधी आपण काळ्या रानात औत घालत नाही, तीच समज तिथे पायांना हवी. उतारावर उमटलेल्या प्रत्येक खोल पावलातून पुढे पाण्याला वाट मिळते आणि पावसाळ्यात तिथूनच माती वाहून जाते. चिखल चुकवत जो तो हातभर बाजूने चालला, की मूळ वाटेशेजारी दुसरी, मग तिसरी वाट पडते, आणि बर्फाखालून नुकतेच मोकळे झालेले, अजून न फुटलेले गवत मुळांसकट तुडवले जाते.

म्हणून चिखल आला तर त्यातूनच, एकामागे एक चालावे. जलरोधक बूट आणि पोटरीवर चढवायचे गेटर त्यासाठीच असतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे पहाटे निघणे, कारण रात्रीच्या थंडीने जमीन तेव्हा कडक असते. ओढेही सकाळीच ओलांडावेत; दुपारी वितळलेल्या पाण्याने ते फुगतात आणि त्यांच्यावरचे बर्फाचे पूल आतून पोकळ झालेले असतात. वाटेवर घट्ट बर्फाचा पट्टा उरला असेल, तर गवतापेक्षा त्यावरून जाणे केव्हाही बरे.

२०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. दयाराची झीज थांबवण्यासाठी वनविभागाला उतारावर काथ्याच्या जाळ्या अंथराव्या लागल्या, ही गोष्ट मला फार लागते. त्यामुळे कुरणातच तंबू देऊ म्हणणाऱ्या आयोजकाला नकार द्यावा. जळगावात पारा चढत असताना बर्फाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे; तरीही तारखा पक्क्या करण्यापूर्वी रैथल किंवा बार्सू गावातील वाटाड्याला वाटेची स्थिती विचारावी, आणि सगळीच वाट मऊ झाली आहे असे त्याने सांगितले, तर बेत मे महिन्यावर ढकलावा.